दगडफुलाच्या पुढचा धडा



सहजीवन शिकवताना आपलं ठरलेलं उदाहरण म्हणजे शैवाक. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे त्यातलंच. बुरशी घर देते, शैवाल अन्न तयार करतं, दोघं मिळून राहतात. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, दोन मार्क मिळतात. पण माझ्या मते खरा धडा तिथून पुढे सुरू होतो.

कारण या शैवाकावरसुद्धा परजीवी बुरशी वाढते! अशा बुरशींच्या सुमारे २००० जाती आज माहीत आहेत. बहुतेक जातींना ठरावीक शैवाकच लागतं.

उष्ण कटिबंधातल्या सदाहरित जंगलातलं एक पान घ्या. त्यावर शैवाकाचा पातळ थर असतो. त्याचं अन्न त्याच्यातलं शैवाल बनवतं. म्हणजे हा आपला डबा घेऊन आलेला पाहुणा, पानाची फक्त जागा वापरतो. आणि या पाहुण्याच्या डब्यावर जगते ती परजीवी बुरशी. काही जाती शैवाकाला मारून टाकतात, काहींमुळे त्याचं फारसं बिघडत नाही. एकाच पानावर आसरा, भागीदारी आणि परजीवन, तिन्ही नाती!

म्हणून ‘चांगली बुरशी, वाईट बुरशी’ असं शिकवणं मला पटत नाही. शैवाकात घर देणारी बुरशीच आणि त्यावर जगणारीही बुरशीच. कोण कोणाशी कसं वागतं, हे बघावं लागतं.

काही जण म्हणतील, लहान मुलांना हे झेपेल का? अहो, डोक्यातल्या उवा आणि पोटातले जंत त्यांना चांगले ठाऊक असतात. परजीवी म्हणजे काय, ते चटकन कळतं. अभ्यासक्रम संपवायची घाई आपल्याला असते. त्या घाईत ‘सर, हा ठिपका कशाचा?’ असं विचारणारं मूल गप्प बसतं, आणि हळूहळू विचारायचंच सोडून देतं. हे नुकसान दोन मार्कांपेक्षा मोठं आहे.

एक करून बघा. शाळेजवळच्या झाडाच्या खोडावरचं शैवाक न खरवडता भिंगातून दाखवा. ठिपके दिसले तर लगेच ‘परजीवी’ म्हणू नका. पुष्कळदा ती शैवाकाचीच बीजाणू तयार करणारी फळं असतात. मुलांना चित्र काढू द्या, अंदाज लिहू द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच न्या.

उत्तर लगेच मिळालं नाही तरी चालेल. प्रश्न मात्र वहीत राहिला पाहिजे.