न मोजलेल्या भाराची किंमत

शर्यतीच्या मोटारीत चाकावरचा भार सस्पेन्शनच्या दांड्यांतून सांगाड्याकडे जातो. दांडीला चिकटवलेला स्ट्रेन गेज तिचा सूक्ष्म ताण टिपतो आणि ती किती भार सोसते हे क्षणोक्षणी कळते. परंतु त्याच धक्क्यांनी चालकाचा कणा काय सोसतो, याची नोंद कोणी ठेवायची?

हा प्रश्न २०२२ साली फॉर्म्युला वनमध्ये ऐरणीवर आला. नव्या नियमांनुसार बांधलेल्या गाड्या तळाखालच्या हवेच्या ओढीमुळे वेगात उसळू लागल्या. जूनमध्ये बाकूच्या शर्यतीनंतर पाठदुखीने हैराण झालेला लुईस हॅमिल्टन गाडीतून कसाबसा उतरला. गाडी थोडी उंच केली की उसळी कमी होई. पण जो उंच करील तो मागे पडेल! स्पर्धेत एकट्याचे शहाणपण असे तोट्याचे ठरते. अखेर एफआयए या नियामक महासंघाने उभे धक्के मोजून सर्वांना एकच मर्यादा घातली. ऑगस्टमधील बेल्जियमच्या शर्यतीपासून ती लागू झाली.

बाजारपेठ असो वा कारखाना, न्याय हाच. मोजमाप सर्वांना सारखे आणि सक्तीचे हवे. एरवी न मोजलेल्या भाराची किंमत शेवटी माणूसच मोजतो.