कामगाराच्या छायाचित्रात काय हवे?

सुरकुतलेला चेहरा, कपाळावर घाम, मागे काळोख: कामगाराच्या छायाचित्राचा हा ठरीव साचा आम्हांला मान्य नाही. मांडणी रेखीव, भाव करुण. पण ओझे, हत्यार आणि सोबती चौकटीबाहेर! पाहणाऱ्याला कीव येते, मजुरीचा प्रश्न पडत नाही.

याउलट चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावरचे देवीप्रसाद रायचौधुरी यांचे १९५९ सालचे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प पाहावे. याच शहरात १९२३ साली सिंगारवेलू यांनी देशातला पहिला मे दिन साजरा केला होता. शिल्पातले चौघे कामगार मिळून प्रचंड खडक हलवीत आहेत. तिथे भार दिसतो, एकजूटही दिसते. छायाचित्रकार मित्रांनी हीच नजर ठेवावी आणि चित्राखाली कामगाराचे नाव, त्याच्या संमतीने, अवश्य द्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.