जॅझ परत आला म्हणे!

जॅझची फॅशन परत येते आहे, असं सध्या फार ठामपणे सांगितलं जातं. पुरावेही तयार असतात. आइसलँडची लाउफे ही तरुण गायिका जुन्या ढंगाची मऊ गाणी गाते आणि २०२४ साली तिच्या ‘बिविच्ड’ला ग्रॅमी मिळतं. त्याच्या आदल्याच वर्षी समारा जॉय ही जॅझ गायिका ग्रॅमीची सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार ठरते. त्याच वर्षी लंडनच्या एझ्रा कलेक्टिव्हला मर्क्युरी पुरस्कार मिळतो, जो त्याआधी एकाही जॅझ बँडला मिळाला नव्हता. शिवाय मुदखेडहून नांदेडला निघालेल्या पोराच्या मोबाइलवर रीलमागे सॅक्सोफोन वाजतोच आहे. झालं, लाट आली!

या लाटेची वंशावळ पाहू. २००३ साली रविशंकरांची लेक नोरा जोन्स पहिल्याच अल्बमवर ढीगभर ग्रॅमी घेऊन गेली. २००८ साली हर्बी हॅनकॉकचा अल्बम वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरला. २०१४ साली लेडी गागाने वयाची ऐंशी ओलांडलेल्या टोनी बेनेटबरोबर जुनी गाणी गायली. दर पाच-सहा वर्षांनी ज्याचं पुनरागमन जाहीर करावं लागतं, तो गेला होता कधी, हे एकदा कुणीतरी सांगावं.

दुसरं म्हणजे परत काय आलं आहे, तेही नीट पाहावं. लाउफेची गाणी मला आवडतात. त्यांतल्या कॉर्ड जॅझच्याच आहेत. पण गाणं पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत बांधलेलं आहे. जॅझचा जीव वादकाला त्या क्षणी जे सुचतं त्यात असतो. त्या निकषावर केंड्रिक लमारचा २०१५चा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ हा रॅप अल्बम पुष्कळ जास्त जॅझ आहे, कारण तिथे कमासी वॉशिंग्टन आणि रॉबर्ट ग्लास्परसारखे खरे वादक बोलावून त्यांना खरी जागा दिली आहे. फॅशनवाले मात्र तो मोजत नाहीत. त्यात ना फुग्याच्या बाह्या, ना मेणबत्त्या. आपल्याकडे त्याच वर्षी ‘बॉम्बे वेल्व्हेट’ आला. अमित त्रिवेदीने मनापासून काम केलं होतं, पण चित्रपटाला जॅझ हवा होता तो जुन्या मोटारी आणि टोप्यांच्या रांगेत उभा करायला. चित्रपट साफ पडला.

आता दुसऱ्या बाजूचे वीर. ते म्हणतात, मुदखेडला जॅझचं काय घेऊन बसलात? आदिलाबादचा फाटा फुटतो ते जंक्शन, फुलांचे मळे, सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र, एवढं आमचं गाव. जॅझ हे मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांतलं खूळ.

खूळ हॉटेलातच सुरू झालं, हे खरं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. त्यांच्या मागोमाग त्या मंचांवर चढले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन शिकलेली ही मुलं होती, समोर कागद ठेवला की वाजवणारी. पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांची रात्र आक्रसली आणि पोटापाण्यासाठी हे लोक दिवसा फिल्म स्टुडिओत जास्त दिसू लागले. तिथे त्यांची गाठ कुणाशी पडली? पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांशी. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा मराठी माणूस, आणि त्याचा साहाय्यक आल्दोनचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१च्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचतात तेव्हा चिक आणि त्याचा बँड पडद्यावरसुद्धा आहे.

त्यानंतर जे झालं ते फार गमतीचं आहे. १९५२ साली माहिती-नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, तेही मराठीच, त्यांना हे संकरित सिनेसंगीत हीन वाटे. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि सरकारला १९५७ साली विविध भारती काढावी लागली. नुकत्याच निजामीतून सुटलेल्या मराठवाड्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आले ते या वाटेने, आणि तंबूतल्या टॉकीजमधून. तिथून ते वरातीत गेले. क्लॅरिनेटवर गायिकेची ओळ, ट्रम्पेटवर मधले तुकडे, खाली साइड ड्रम. हे काही जॅझ नव्हे, कबूल. पण चिकच्या तुकड्यांवर आपल्या आजोबांची वरात नाचली आहे. ताजचा दरवाजा त्यांनी कधी पाहिलाही नसेल.

आमच्याच पक्षातल्या अतिउत्साही मंडळींनाही थांबवलं पाहिजे. ‘आपल्या रागसंगीतातही आयत्या वेळी सुचलेलंच गातात, म्हणजे जॅझ आपलाच’ हा युक्तिवाद कानाला गोड आणि चूक आहे. रागात षड्ज जागचा हलत नाही. तानपुरा ते क्षणोक्षणी बजावत असतो. जॅझमध्ये जमीनच हलते. खाली पियानोवर कॉर्ड बदलते आणि वादकाने धरून ठेवलेला तोच सूर आत्ता गोड, तर पुढच्या क्षणी बोचरा लागतो. म्हणून तर एकेरी चाल बांधणाऱ्या आपल्या संगीतकारांना सेबॅस्टियन डिसूझांसारखा माणूस लागला. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे हे गृहस्थ पुढे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या चालींखाली स्वरमेळ बांधत राहिले. हे कौशल्य आपल्याकडे नव्हतं आणि ते दुसऱ्याकडून घेतलं, असं म्हणण्यात कमीपणा कसला?

कमीपणा आहे तो दुसरीकडे. तबकडीवर या लोकांची नावं नव्हती. प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) एका गाण्यात आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं, अँथनी गोन्साल्विस यांचं, अख्खं नाव घातलं. देशभर ते नाव गुणगुणलं गेलं आणि असा माणूस खरोखर आहे, हे जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं. आज तबकडी गेली, पडद्यावर हवी तेवढी जागा आहे. तरी गाण्याखाली गायक, संगीतकार आणि कंपनी. सॅक्सोफोन कुणी वाजवला? बहुतेक वेळा कुणीच नाही, तो संगणकातला तयार तुकडा असतो.

म्हणून माझं मापच वेगळं आहे. जॅझची कॉर्ड किती गाण्यांत आली, हे मोजून काही कळत नाही. वादकाला मोकळीक किती गाण्यांत मिळाली, ते मोजा. हे माप लावलं तर लग्नसराईत डीजेच्या भिंतीपुढे हरलेला आमच्या भागातला बँडमास्तर रीलवरच्या सॅक्सोफोनपेक्षा जॅझच्या जास्त जवळ बसतो. दोन ओळींच्या मधल्या जागेत तो स्वतःची हरकत घेतो, नवरदेवाचे मित्र ओरडले की तीच लांबवतो, घोडा अडला की पुन्हा फिरून समेवर येतो. डीजेला हे जमत नाही आणि जमावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. पुढच्या कुठल्याही गाजलेल्या मराठी गाण्यात मध्ये सोळा मात्रा अशा एखाद्या क्लॅरिनेटवाल्याला मोकळ्या सोडा, जे सुचेल ते वाजवू द्या आणि त्याचं नाव गाण्याखाली छापा. मग फॅशन आली म्हणणाऱ्यांच्या बाजूने मीच लेख लिहीन.