दार उघडण्यापूर्वी

नातवाच्या वाढदिवसाला आणलेला पिंजरा दिवाणखान्याच्या खिडकीत टांगला जातो आणि दोन दिवस सारे घर त्याच्याभोवती फिरत राहते. आत लाल चोचीची दोन चिमुकली पाखरे आणि खेळण्यातल्या पिपाणीसारखा त्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी घरात दोन पक्ष पडतात. मुलांना पाखरे हवी असतात. आजी म्हणते, "मुक्या जिवाला कोंडून कसले पुण्य? दार उघडा, जाऊ द्या त्यांना." हा वाद अनेक घरांतून होतो. दोन्ही पक्षांच्या मनात माया असते, यात शंका नाही. परंतु या पाखरांचे मूळ घर कोणते, हे ठाऊक नसेल तर मायेपोटीही त्यांच्या जिवाला अपाय होतो.

दुकानात ज्याला नुसते 'फिंच' म्हणतात, तो बहुधा झेब्रा फिंच असतो. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्यावर व शेपटीवर काळ्या-पांढऱ्या रेषा. मादी करड्या रंगाची. त्याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात आहे. तेथे विरळ झाडे, काटेरी झुडपे आणि दूरवर पसरलेले गवत असते. पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो. पाऊस झाला, गवत दाण्यावर आले, की हे पक्षी विणीला लागतात. गवताचे बी हेच त्यांचे अन्न. पिलांनाही ते प्रामुख्याने कोवळे, अर्धकच्चे दाणे भरवतात. थव्याने राहणे, पाणवठ्याजवळ वावरणे आणि एकदा जमलेली जोडी जन्मभर टिकवणे, असा त्यांचा जीवनक्रम आहे. पिल्लू नर आपले गाणे बापाकडून ऐकून शिकतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असे आढळले, की कडक उन्हाळ्यात आईबाप अंड्यातील पिलांना उद्देशून विशिष्ट साद घालतात आणि ती ऐकलेली पिले पुढे त्या उष्णतेला साजेशी वाढतात. भूमीशी इतके घट्ट जडलेले हे जीवन आहे.

जांभळी छाती आणि हिरवी पाठ असलेला महागडा गोल्डियन फिंच उत्तर ऑस्ट्रेलियातील गवताळ रानांचा. तो निलगिरीच्या ढोल्यांत घरटे करतो आणि आपल्या ज्वारीच्या जातकुळीतील रानटी गवताच्या बियांवर जगतो. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने आपल्या दिवंगत पत्नीच्या, एलिझाबेथ यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. आपल्या दुकानांतील हे सारे पक्षी मात्र थेट ऑस्ट्रेलियातून येत नाहीत. तेथून रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपासून बंद आहे. ही पाखरे पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्यांची संतती होत.

या पार्श्वभूमीवर दिवाणखान्यातला तो गोल, उंच, घुमटाचा पिंजरा पाहावा. दिसायला तो सुबक असतो. पण फिंच वर-खाली नव्हे, आडवा उडतो. त्याला उंचीचा उपयोग थोडा, लांबीचा फार. म्हणून एका जोडीसाठी पिंजरा आयताकृती आणि किमान तीन फूट लांब असावा. बसण्याच्या काड्या दोन्ही टोकांना बसवाव्यात, म्हणजे मधे उडण्यास मोकळी जागा राहते. गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा कमी-अधिक जाडीच्या खऱ्या फांद्या त्याच्या पायांना मानवतात. तारांमधील अंतर अर्ध्या इंचापेक्षा कमी हवे. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी. चहूकडून उघडा पिंजरा पाखराला सतत भयभीत ठेवतो. उथळ भांड्यात अंघोळीचे पाणी, सकाळचे कोवळे ऊन, भर उन्हापासून आडोसा आणि रात्री दूरचित्रवाणीच्या उजेडापासून दूर असा अंधार, एवढे त्याला मिळालेच पाहिजे. स्वयंपाकघराजवळ पिंजरा कदापि नको. अतिशय तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर माणसाला जाणवणारही नाही, पण पाखराचा जीव क्षणात घेऊ शकतो. धूप-उदबत्तीचा दाट धूरही त्याच्या नाजूक फुप्फुसांना सोसवत नाही.

आहार सोपा आहे: राळा, वरी, बाजरी यांचे मिश्रण, थोडी कोवळी हिरवी पाने आणि कॅल्शियमसाठी खनिज वडी. तरीही सर्वाधिक चूक येथेच होते. फिंच दाणा सोलून खातो आणि फोलपट भांड्यातच टाकतो. सायंकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, प्रत्यक्षात आत एकही दाणा नसतो. जमाखर्चाच्या वहीत जमा दिसावी आणि गल्ल्यात दमडी नसावी, तशी ही स्थिती. एवढ्याशा देहात साठा तो किती? एका दिवसाची उपासमारही जिवावर बेतू शकते. म्हणून रोज फोलपटे फुंकून ताजे दाणे घालावेत. कुटुंब यात्रेला किंवा लग्नकार्याला निघाले, तर हे काम कोण करणार, ते निघण्यापूर्वीच ठरवावे. हे उत्तरदायित्व पाच-सात वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक असते.

पिंजऱ्यात घरट्याची टोपली ठेवली, की मादी पुनःपुन्हा अंडी घालते, झिजत जाते आणि अंडे अडकून प्राणासही मुकते. वाढलेली पिले शेवटी दुकानाकडेच परत जातात. म्हणून टोपली ठेवू नये. एकटा पक्षी ठेवणे तर क्रूरपणाच. दोन नर एकत्र ठेवले तर सोबतही राहते आणि वीणही टळते.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. दार उघडले तर? पिंजऱ्यात जन्मलेल्या झेब्रा फिंचला येथील बी ओळखीचे नाही, पाणवठा ठाऊक नाही आणि कावळा व मांजर यांची पारख नाही. बहुतेक पाखरे थोड्याच अवधीत मरतात. क्वचित तगलीच, तर परक्या भूमीत घुसखोर ठरतात. आपली लाल मुनिया पिंजऱ्यातून सुटून स्पेन-पोर्तुगालमध्ये अशीच वसली आहे.

या लाल मुनियेची कथा व्यापारी घराण्यांनी अवश्य जाणून घ्यावी. तिचे शास्त्रीय नाव 'अमंडवा' हा अहमदाबाद या नावाचाच अपभ्रंश होय. पूर्वी त्या शहरातून ही पाखरे परदेशी धाडली जात, म्हणून जगाने त्यांना शहराचेच नाव दिले. देलवाड्याच्या दर्शनासाठी माऊंट अबूला जाणाऱ्यांना तेथील झुडपांत हिरवी मुनिया दिसू शकते. केवळ भारतात आढळणारी ही जात आज संकटग्रस्त आहे आणि तिच्या ऱ्हासामागे पिंजऱ्यांसाठी झालेली धरपकड हे मोठे कारण आहे. भारतीय रानपक्षी पकडणे, विकणे वा पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही मुनियांना भडक रंग फासून त्या विकण्याचे प्रकार घडतात.

सणावाराला अशी पाखरे विकत घेऊन सोडून देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. भावना पवित्र आहे. परंतु व्यापाराचा नियम भावनेपुढे थांबत नाही. दहा पाखरांचे पैसे मिळाले, की पारधी उद्या वीस पाखरांसाठी जाळे लावतो. जाळ्यात आणि वाहतुकीत मेलेल्यांचा हिशोब कोणी ठेवत नाही. सोडवणुकीसाठी दिलेले मोल हे पुढच्या पकडीचे आगाऊ पैसे ठरतात. अशी विक्री दिसल्यास वनविभागास कळवावे; त्यातच त्या जिवांचे खरे अभयदान आहे.

म्हणून घरातील वाद असा मिटवता येईल: जी परदेशी पाखरे घरात आली आहेत, त्यांचे दार उघडू नये, त्यांचा पिंजरा मोठा करावा आणि अखेरपर्यंत त्यांना सांभाळावे. त्यांच्यामागून नवी आणू नयेत. मुलांना पाखरांची आवड असेल, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात गावाबाहेरच्या तळ्याकाठी उंच गवतात घेऊन जावे. तेथे पांढरे ठिपके ल्यालेला लाल मुनियेचा नर गवताच्या काडीवर झुलताना दिसतो. गच्चीत उथळ पाण्याचे भांडे ठेवले आणि कुंपणाकडेचे थोडे गवत दाण्यावर येऊ दिले, तर मुनिया आपण होऊन येतात. आजी आणि नातू दोघांनाही ते पाहता येईल.