चालता संगणक भंगारात का?

ट्रॉम्बेला आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत तीन जुने वर्कस्टेशन आहेत. वर्कस्टेशन म्हणजे आराखडे आणि अवजड आकडेमोड यांसाठी बनविलेला दणकट संगणक. एका कचेरीने नवे घेतले, तेव्हा हे २०१६ सालचे आमच्याकडे आले. मुले त्यांवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवितात. एकही बिघडलेला नाही. तरी दुरुस्तीवाला म्हणाला, "विंडोज दहा संपले. हे आता भंगारात द्या."

संपले म्हणजे काय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. संगणक चालतो, पण चोरवाट सापडली तर ती बुजविणारा कोणी नाही. विंडोज ११ घ्यावे, तर २०१७ पूर्वीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्याच्या यादीबाहेर. कंपनी म्हणते, नव्या यंत्रांतील सुरक्षा-चिप हवी. म्हणणे अगदीच खोटे नाही. जुने सांभाळायला खर्चही येतो. पण खरी गोम पुढे आहे. संस्थांना दरवर्षी पैसे भरून तीन वर्षांपर्यंत तीच दुरुस्ती मिळते, घरगुती ग्राहकाला एकच वर्ष वाढवून दिले. म्हणजे औषध तयार होते, फक्त सर्वांना दिले जात नाही! एक्स-पीचेही हेच झाले. २०१४ मध्ये त्याची मुदत संपली, तरी मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर इस्पितळे अडविली, तेव्हा त्याची दुरुस्ती सर्वांना फुकट दिली गेली. जे पैसेवाल्यांसाठी बनतेच, ते इतरांना नाकारण्याला आम्ही तरी खर्चाचे कारण मानत नाही. कचेरीने टाकलेले यंत्र शेवटी कोणाच्या हाती येते, हे आमच्या वस्तीला ठाऊक आहे. आणि तिथूनही टाकले की कुठे जाते, तेही. देवनारचा डोंगर आमच्या शेजारीच आहे.

लिनक्सवाल्यांची रीत पाहा. इंटेलचा ३८६ प्रोसेसर १९८५ चा; त्याचा आधार त्यांनी काढला २०१२ च्या डिसेंबरात. सत्तावीस वर्षे! आधार त्यांनीही काढलाच, पण कोणी वापरणारे जवळजवळ उरले नाही तेव्हा. इथून हाकेच्या अंतरावर भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९१ पासून बाजारात मिळणारे प्रोसेसर एकमेकांना जोडून 'अनुपम' हे महासंगणक उभारले, आणि पुढे त्या मालिकेत लिनक्सच चालविले. तेव्हा लिनक्स म्हणजे गरिबाची तडजोड, असे कोणी समजू नये. सी-डॅकचे 'बॉस' हेही लिनक्सच, आणि त्यात मराठी आहे.

दोन यंत्रांवर आम्ही लिनक्स घातले. पहिला आठवडा मुलांनी कुरकुर केली. जुना प्रिंटर अजून रुसलेला आहे. तिसऱ्यावर विंडोज १० ठेवले, पण त्याची इंटरनेटची तार काढली. त्यावर टंकलेखनाचा सराव चालतो. ज्यांच्या घरी असा संगणक असेल त्यांनी त्यावरून बँकेचे व्यवहार तूर्त करू नयेत. आधी फोटो, प्रमाणपत्रे पेनड्राइव्हवर उतरवावीत आणि मगच लिनक्स घालावे. आमच्या एका शेजाऱ्यांनी उलटे केले, आणि मुलीची दहावीची गुणपत्रिका पुन्हा काढायला बोर्डात दोन खेपा घालाव्या लागल्या.