जुन्या यंत्रांचा रंग आणि कामगारांचे रक्त

जुनी लेथ किंवा प्रेस विकत घ्यायची, तिचा रंग उतरवायचा आणि नव्यासारखी करून विकायची, हा धंदा अनेक लहान वर्कशॉपांत चालतो. हाताने खरवडायला जेथे दिवस लागत, तेथे ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला की थोड्या वेळात लोखंड उघडे पडते. या वेगाचे कौतुक होते. त्याची किंमत कोण मोजतो, हे मात्र विचारले जात नाही.

जुन्या यंत्रांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते. गंज चढू नये म्हणून लोखंडाला प्रथम शेंदराचा हात देत आणि शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. रंग घट्ट चिकटलेला असेतोवर उपद्रव थोडा; परंतु फिरत्या ब्रशाखाली त्याची सूक्ष्म धूळ होते आणि ज्योतीने जाळल्यास विषारी धूर. हे विष श्वासातून आणि न धुतलेल्या हातांनी खाल्लेल्या भाकरीतून रक्तात उतरते. पोटात कळा, रक्तक्षय, लुळी पडलेली मनगटे ही त्याची जुनी लक्षणे होत. कपड्यांवरून धूळ घरी पोहोचते आणि मुलांच्या मेंदूला अपाय करते.

हे ज्ञान नवे नव्हे. रंगकामातील सफेद्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ सालचा. १९४८ च्या कारखाने कायद्याने शिशाची विषबाधा ही सरकारला कळविण्याच्या रोगांत घातली होती. २०१६ च्या नियमांनी रंगातील शिसे दहा लाख भागांत ९० भागांवर आणले, पण ते केवळ नव्या घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते. जुन्या यंत्रांवरचा थर तसाच राहिला.

यावर मालकाचे उत्तर ठरलेले असते: तोंडाला रुमाल बांध! रुमालाने ही धूळ अडत नाही. प्रथम रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. शक्य तेथे रंग ओला करून हाताने खरवडावा. रंग काढण्याची द्रावणे वापरायची, तर मेथिलीन क्लोराइड असलेली टाळावीत, कारण ती स्वतःच घातक आहेत. विजेचे हत्यार अपरिहार्य असेल, तर त्याला धूळ जागीच ओढून घेणारे आवरण व सूक्ष्म गाळणीचा व्हॅक्यूम हवा. चेहऱ्याला नीट बसणारा गाळणीयुक्त मुखवटा व चष्मा हवा. कोरडा झाडू आणि हवेचा फवारा वर्ज्य असावा. कामाचे कपडे कामावरच राहावेत, धुण्यास पाणी व साबण मिळावा आणि रक्ताची तपासणी ठराविक काळाने व्हावी.

लहान मालकास हे परवडत नाही, असे म्हटले जाईल. त्यात तथ्य आहे. मग औद्योगिक वसाहतीत धूळ ओढणारी एक सामाईक खोली सहकारी तत्त्वावर का उभारू नये? खर्च टळत नसतोच. यंत्रणेवर केला नाही, तर तो कामगाराच्या रक्तातून वसूल होतो. कार्यकर्त्यांनी वेतनाच्या मागणीपत्रात या मागण्याही घातल्या पाहिजेत.