बोअर मारण्याआधी दगड समजून घ्या

'आपल्याकडे कुठे आलाय ज्वालामुखी?' असं म्हणणाऱ्या प्रत्येक संभाजीनगरकराला एकदा वेरूळला न्यावं. मूर्ती नंतर बघू, आधी कातळ बघायचा.

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर इक्वाडोरच्या कोटोपाक्सीसारखा बर्फाच्छादित शंकू येतो. आपलं प्रकरण निराळं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा दूरवर पसरला. एक थर थिजला की काही काळाने त्यावर दुसरा, असं लाखो वर्षं चाललं. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा बसाल्ट आहे. राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात कैलास लेणं कोरलं ते यातच.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध पाण्याचा आहे.

प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, खालचा घट्ट. त्या छिद्रांतही पुष्कळदा नंतर खनिजं भरलेली. म्हणजे पाणी राहणार कुठे? वरच्या मुरमात, भेगांत, नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळे 'शेजाऱ्यांना ३०० फुटांवर लागलं, आपण ५०० मारू' हे लॉजिक इथे चालत नाही. खोल गेलं की जास्त पाणी, असा नियमच नाही. आणि लागलंच, तरी ते साठत आलेलं पाणी असतं. जुनी एफडी मोडून घरखर्च चालवण्यासारखं आहे हे!

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली, ती डोंगराकडचं उथळ भूजल उताराने शहरात आणून. ना पंप, ना वीज. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यातही ६० मीटरपेक्षा जास्त खोली ही 'खोल विहीर' धरली आहे. म्हणजे जेमतेम २०० फूट. आपण सर्रास त्याच्या दुप्पट जातो.

माझं म्हणणं एवढंच, की सोसायटीच्या मीटिंगमध्ये नव्या बोअरचा विषय निघाला की दोन प्रश्न विचारा. गच्चीवर पडणारं पावसाचं पाणी जातं कुठे? आणि आहे त्या बोअरची पातळी दिवाळीत किती असते, मे महिन्यात किती? उत्तरं नसतील तर आधी वर्षभर मोजा, गच्चीचं पाणी जमिनीत सोडा. बोअरवाल्याला फोन त्यानंतर करा.